पट्ट्याचे रीळ

मुरलीधर भोंडवे गेल्याची बातमी मला चिंचवड स्टेशनवर पुण्याच्या गाडीची वाट पाहताना कळली. सांगणारा त्याच्याच कारखान्यातला. तापाचे निमित्त झाले, छातीत कफ भरला, दवाखान्यात नेईपर्यंत आटोपले, एवढेच तो सांगू शकला. गाडी आली आणि गेली, मी फलाटावरच राहिलो... त्याला आता महिना उलटला. लोक सांगतात त्या आठवणींत आताच भर पडू लागली आहे; म्हणून मी स्वतः पाहिले तेवढेच लिहितो.

मुरलीधर आमच्या गावच्या जुन्या शेतकरी घरातला, पिंपरीकडे कारखाने आले तसा त्यातल्या एकात लागलेला. सिनेमाचे वेड म्हटले की त्याला राग येई. "येड न्हाई राव, पारख हाय." गावाबाहेरच्या तंबूत सिनेमाचे यंत्र एकच होते. एक रीळ संपले की दिवा लागे, दुसरे चढेपर्यंत लोक विड्या पेटवीत, आणि कुणीतरी हमखास ओरडे, "भोंडवे, काय म्हनता?" मग मुरलीधर उभा राहून निकाल देई. त्याने नापसंती दाखवली की लोक उठून जात. तंबूवाला त्याला वचकून असे.

गेल्या उन्हाळ्यात तिथे एक धुडगुसाचा विनोदी चित्रपट आला. खुर्च्या मोडतात, हवालदार म्हशीवर बसतो, सासरा हौदात पडतो, असा सगळा प्रकार. मुरलीधरने तो पुण्याला पाहिला होता. "कथा न्हाई, आगापिछा न्हाई. पत्त्यांवानी रिळं पिसून लावली तरी कुनाला कळायचं न्हाई," असे त्याचे मत. तरी त्याच चित्रपटाला तो नामदेवला घेऊन निघाला, तेव्हा मी कारण विचारले.

नामदेव त्याचा पाळीतला जोडीदार. काही महिन्यांपूर्वी यंत्राच्या पट्ट्यात बाही सापडून त्याचा उजवा हात कोपरापासून गेला होता. तेव्हापासून तो घराबाहेर पडला नव्हता. "भावजी, एकदा तरी भाईर न्या त्यास्नी," त्याची बायको मुरलीधरला म्हणाली होती, "दिसभर भिताडाकडं तोंड करून बसत्यात." मुरलीधर मला म्हणाला, "त्याला असलाच शिनेमा पायजे. डोकं लागत न्हाई." मग आवाज खाली आणून पुढचे सांगितले : अखेरच्या रिळात नायकाची बाही कारखान्यातल्या पट्ट्यात अडकते आणि चाक त्याला गरगरा फिरवते. "त्याच्या आधीच्या दिव्याला मी त्याला च्या प्यायला भाईर काढतो. तू जागा धर अन् गप ऱ्हा."

संध्याकाळच्या खेळाला आम्ही नामदेवला मध्ये घेऊन बसलो. उकाड्यातही त्याने खांद्यावरून उपरणे ओढून घेतले होते. पहिले रीळ त्याने दगडासारखे पाहिले. दुसऱ्याच्या शेवटी सासरा हौदात पडला, तेव्हा त्याच्या नाकातून हुं असा आवाज आला. मुरलीधरने माझ्या पाठीत बोट खुपसले. दिवा लागला, विझला, तिसरे रीळ सुरू झाले आणि पडद्यावर कारखाना उभा राहिला... रिळांच्या डब्यांवरचे आकडे पुसले होते की यंत्रवाल्याने पाहिलेच नाही, मला ठाऊक नाही; पण शेवटचे रीळ तिसरे लागले होते. तंबूत कुणाला वावगे वाटले नाही. लोक हसत होते.

नायकाची बाही पट्ट्यात गेली. मुरलीधरच्या कारखान्यातले लोक जिथे बसले होते तिथले हसू एकदम थांबले. "बंद कर ए!" कुणीतरी गरजले. माणसे उठून सिनेमाच्या यंत्राकडे वळली. एकाने तंबूची खुंटी उपटलेली मी पाहिली. मुरलीधर उठून नामदेवच्या पुढ्यात उभा राहिला, जणू एवढा मोठा पडदा त्याच्या अंगाने झाकणार होता.

"मुरली, खाली बस," नामदेव म्हणाला. "दिसत न्हाई."

मुरलीधर बसला. नायक चाकावर फिरला, पिठाच्या पोत्यांवर आपटला आणि कपडे झटकीत पळाला. नामदेव हसला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता, डावी मूठ उपरण्यात घट्ट. रीळ संपले, दिवा लागला. खुंटीवाला तसाच उभा. त्यानेच विचारले, आणि आवाजात थट्टा नव्हती, "भोंडवे, काय म्हनता?"

त्या क्षणी मुरलीधर एक शब्द वाईट बोलता तर तंबू राहिला नसता, आणि नामदेव पुन्हा भिंतीकडे वळला असता. मुरलीधर नामदेवकडे वळला. "तू सांग."

नामदेवने डाव्या हाताने उपरण्याच्या टोकाला कपाळ पुसले.

"रीळ चुकलंय," तो म्हणाला. "त्यो म्हातारा हौदात पडला, त्याचं काय झालं? म्होरलं लाव म्हनावं. मला बघायचंय."

मग खुंटीवालाच फिस्सकन हसला आणि खाली बसला. नामदेव शेवटपर्यंत थांबला.

परतताना मी मुरलीधरला विचारले, आता मत काय? "शिनेमा टुकारच हाय," तो म्हणाला. चार पावले गेल्यावर नामदेवला विचारले, "उद्या येतूस?" "व्हय."

गेल्या रविवारी दुपारी नामदेव माझ्या दारात उभा होता, एकटा, धुतलेल्या सदऱ्यात. "पुन्याला नवा लागलाय. म्होरल्या महिन्यात तंबूत येनार. कुनाला काय बघवंल, काय न्हाई... कुनीतरी आदी बघून याया पायजे."

मला सिनेमातले काही कळत नाही, असे मी त्याला स्पष्ट सांगितले.

"मला तरी कुटं कळतंय," तो म्हणाला. "चपला घाला."