उजवीकडं, घोणस

भूत, भानामती, चकवा... यातलं काही मी कधी मानलं नाही. मी टॉवेलचा होलसेल व्यापारी. माल दोन बोटांत चोळून पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही आणि समोरच्याच्या शपथेवर विश्वास ठेवत नाही. असले अनुभव माझी बायको मोठ्याने वाचून दाखवते आणि मी शेजारी बसून हसतो. त्यामुळे माझं वाचून कोणी हसलं तर माझी तक्रार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा, कारण यात न समजणारा भाग थोडा आहे आणि माझा स्वतःचा जास्त.

सोलापूरहून तुळजापूर रस्त्याला लागलं की हिप्परगा तलाव येतो. तो ओलांडला की एक कच्ची वाट माळावर चढते. मुरूम, तरवडाची झुडपं, मध्येच एखादी बाभूळ, आणि वर बंद पडलेली दगडाची खाण. खाणीच्या अलीकडे एक अरुंद चढण आहे, एका वेळी एकच सायकल जाईल एवढी. तिच्या मध्यावर डाव्या बाजूला हद्दीचा, चुना लावलेला दगड आहे. जे घडलं ते त्या दगडापाशी घडलं. दोन्ही वेळा.

आम्ही चौघं दर रविवारी सकाळी तिथे माउंटन बाईक चालवतो. फिरोजचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मनीषा नर्स आहे. बसवराज सर मूळचे अक्कलकोटकडचे, शाळेत विज्ञान शिकवतात, आणि पंधरा वर्षं लोकांच्या घरात निघालेले साप पकडून माळावर सोडायचे. चौथा मी. बाकीच्यांना सायकल ही हौस. मी मात्र पोरवयात कॅरिअरला टॉवेलचे गठ्ठे बांधून आठवडी बाजार फिरलोय. चढण आली की तोंडात पाण्याचा एक घोट धरायचा आणि गिळायचा नाही. मग नाकानेच श्वास घ्यावा लागतो, घसा सुकत नाही. ती सवय अजून आहे. चढणीवर माझे गाल फुगलेले असतात आणि मी बोलत नाही.

माळावर साप भरपूर. म्हणून सरांनी नियम घालून दिला होता. पुढच्याला साप दिसला की त्याने बाजू आणि नाव ओरडायचं, "डावीकडं, धामण." मागच्याने तीच हाक जशीच्या तशी त्याच्या मागच्याला द्यायची. नाव यासाठी की धामण असेल तर नुसतं हळू व्हायचं, आणि विषारी असेल तर जागच्या जागी थांबायचं, पाय खाली टेकायच्या आधी जमीन बघायची.

आता माझी तक्रार सांगतो. सरांना साप चावला त्याच्या आदल्या रविवारी पुढे मी होतो. वाटेत काळपट, पांढऱ्या पट्ट्यांचा साप दिसला. मी ओरडलो, "उजवीकडं, मण्यार." सगळ्यांना वीस पावलं मागे सरकवलं, अर्धा तास अडवून धरलं. शेवटी सर पुढे गेले, वाकून बघितलं आणि हसायला लागले.

"शेठ, कवड्या हाय हो. बिनविषारी. पट्टे मानेपासून सुरू झालेत आणि शेपटीकडं पुसट होत गेलेत, बघा की. मण्यारीचं उलटं असतंय."

मी म्हणालो, "लांबून मण्यारच वाटतोय. निम्मं तरी माझं बरोबर धरा."

"निम्मं? साप म्हंजे काय टॉवेल हाय व्हय? घासाघीस करून जात बदलत न्हाई त्याची."

फिरोज सायकलवरून पडायचा बाकी होता. त्या दिवसापासून मी कवड्या शेठ. फिरोजने फोनमध्ये माझं नाव तसंच ठेवलं. पुढच्या दोन दिवसांत माझ्या दुकानातले हमालसुद्धा आपसात तेच म्हणताना ऐकले. चौघांच्या सायकली कंपनीच्या माणसाशी तीन तास भांडून मी स्वस्तात आणल्या होत्या, ते कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. एका सापाचं राहिलं. शून्यातून वर आलेल्या माणसाला सगळं चालतं, त्याच्यावर हसलेलं चालत नाही. माझं डोकं आठवडाभर तापलेलं होतं.

पुढचा रविवार. थंडीचे दिवस, ऊन नुकतं माळावर आलेलं. पुढे फिरोज, मग मनीषा, मग मी, सर सगळ्यात शेवटी. ते फोटो काढायला थांबतात म्हणून शेवटी. चढणीवर, चुन्याच्या दगडापाशी फिरोजची हाक आली. मनीषाने माझ्याकडे दिली, "उजवीकडं, घोणस."

मी बघितली. वाटेच्या उजव्या कडेला उन्हात वेटोळं घालून पडलेली, अंगावर तपकिरी साखळीसारखे ठिपके. मी डावीकडून गेलो. माझ्या तोंडात पाण्याचा घोट होता. घोट गिळायला किती वेळ लागतो? मी गिळला नाही. मनात म्हटलं, एवढे जाणकार आहात ना, ओळखा तुम्हीच.

तेवढंच. सर मरावेत असं माझ्या मनात नव्हतं. साप त्यांना दिसेलच, असं मी धरून चाललो होतो. पण नेमकी तिथेच त्यांची चेन उतरली आणि त्यांनी उजवा पाय खाली टेकला.

"यप्पा," एवढाच मागून सरांचा आवाज आला. नंतर सायकल पडल्याचा.

चावा बुटाच्या वर, घोट्याला. सर स्वतःच शांतपणे सांगत होते, "घोणस हाय. काही बांधू नका. मला चालवू नका. गाडी बोलवा." मनीषाने त्यांना निजवलं, फिरोज रस्त्याकडे पळाला. दवाखान्यात पोचेपर्यंत पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. सर सतरा दिवस आत होते. चार वेळा डायलिसिस झालं. वाचले, पण उजवा पाय अजून ओढून चालतात.

दुसऱ्या दिवशी सर शुद्धीवर होते. त्यांच्या कॉटपाशीच मनीषाने मला विचारलं, "तुम्ही हाक मागं दिली होती ना?"

आयुष्यात मी पुष्कळ सौदे केले. सगळ्यात हलका सौदा तो. "दिली की," मी म्हणालो. "वारा होता. सरांना ऐकू आली नसेल."

सर उशीवरून म्हणाले, "असंल. मला आजकाल कमीच ऐकू येतंय वाटतं. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते, ती पण ऐकू आली न्हाई मला."

ती फुसकारलीच नसेल. दरवेळी फुसकारते असं नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. पण त्यांनी दोष स्वतःच्या कानांवर घेतला. घरी आल्यावर कानांची तपासणी करून घेतली. रिपोर्ट नॉर्मल आला, त्यांनी विश्वास ठेवला नाही. साप पकडायची काठी आणि पिशव्या दुसऱ्या कोणाला देऊन टाकल्या. "ज्याला फुसकारा ऐकू येत न्हाई त्यानं सापाला हात लावू ने," म्हणाले. दर आठ दिवसांनी मी त्यांच्याकडे फळं घेऊन जायचो. भाव न करता घ्यायचो. मी काही बोललो की ते मान पुढे करून विचारायचे, "काय म्हणालात?" मी पुन्हा, मोठ्याने सांगायचो. खरी गोष्ट तेवढी सांगत नव्हतो.

वर्षाने, पुन्हा थंडीतच, सर म्हणाले, आता जमेल. तलावापाशी जमलो तेव्हा मला म्हणाले, "शेठ, तुमी पुढं व्हा. मी तुमच्या मागं ऱ्हातो. तुमचा आवाज मोठा हाय, मला ऐकू येईल." मला पुढे जायचं नव्हतं. पण नाही म्हणायला कारण काय देणार?

मी पुढे, मग सर, मग मनीषा, शेवटी फिरोज. चढण लागली तसा सवयीने घोट तोंडात धरला. दगड जवळ आला. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं आणि नजर काढवतही नव्हती. उजवीकडे मी बघितलंच नाही. डोळे चुन्याच्या दगडावर ठेवून मी दगड ओलांडला. पाच-सहा हात पुढे गेलो आणि मागे ब्रेक करकचले. एक, दोन, तीन.

वळून बघितलं. तिघंही पाय पेडलवरून न काढता झुडपांना धरून उभे. सरांच्या पुढच्या चाकापासून दोन हातांवर, वाटेच्या उजव्या कडेला, घोणस. जाड, वेटोळं घातलेली. मी तिच्या इतक्या जवळून गेलो होतो आणि मला ती दिसली नव्हती.

"शाब्बास शेठ," फिरोज ओरडला. "क्या आवाज दिला. शेवटपर्यंत आला."

मला विचारायचं होतं, कसला आवाज? विचारता येईना. तोंडात घोट होता. तो पूर्ण होता. मी तो आधी थुंकलो, मुरमावर ओला डाग पडला, आणि मग विचारलं.

"कसला म्हंजे?" सर म्हणाले. "उजवीकडं, घोणस. तुमीच की."

"दोनदा ओरडलात," मनीषा म्हणाली. "मी मागं देणार होते, पण फिरोजलापण ऐकू गेलं होतं."

सर हसत होते. वर्षभरात त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. एका हाताने कान चोळत म्हणाले, "म्हंजे कान शाबूत हायत माझे. लई दिवस उगीच घाबरलो."

घोणस आमच्या मध्ये पडलेली. ती जाईपर्यंत ते खाली थांबणार, मी वर. कोणाला घाई नव्हती. मी म्हणालो, "सर, तुमचे कान कधीच खराब नव्हते. मागच्या वर्षी मी हाक दिलीच नव्हती."

फिरोजला वाटलं मी मस्करी करतोय, मग त्याचा चेहरा उतरला.

"वाऱ्यानं..." सर म्हणाले.

"वारा नव्हता. मला मनीषाची हाक ऐकू आली होती. तुम्ही मला हसलात, त्याचा राग होता. तोंडात घोट होता, तो मी गिळला नाही."

सर सापाकडे बघतच म्हणाले, "शेठ, मी वर्गात पहिल्या बाकावरच्या पोरांना दोनदा विचारतोय. वर्ष झालं. पोरं हसतात." एवढंच. घोणस सरकत तरवडात गेली. सरांनी सायकल वळवली आणि ती हातात धरून, पाय ओढत उतरून गेले.

तीन रविवार ते आले नाहीत. फोन उचलला नाही. मी घरी गेलो तर त्यांच्या बायकोने दारातच सांगितलं, "झोपलेत." आत टीव्ही चालू होता. मला रागही आला, खोटं कशाला लिहू. कबूल केलं ना मी, अजून काय पाहिजे? परत येताना सिग्नलला थांबलो आणि कळलं की इथेही मी घासाघीसच करतोय.

चौथ्या रविवारी ते तलावापाशी उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढं मी. माझ्या मागं तुमी. आणि चढणीला घोट धरायचा न्हाई."

त्या तिघांना मी वेगवेगळं गाठून पुष्कळदा विचारलं. तिघांचं उत्तर एकच, आवाज तुमचाच होता आणि पुढून आला. मनीषा म्हणते, तुमच्या नकळत निघाला असेल. पण साप मी पाहिला नव्हता आणि पाणी तोंडात होतं, हे मला माहीत आहे. एक वर्ष अडवून धरलेली हाक त्याच दगडापाशी, ज्याची होती त्याला कशी पोचली, याचा मला आजही पत्ता नाही. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी ही गोष्ट फुकटही घेतली नसती.

आता त्या चढणीवर माझा घसा सुकतो. सर पुढून ओरडतात, मी मागे देतो. परवा दगडापाशी त्यांची हाक आली, "डावीकडं, दोरी."

मी बघितलं. खरंच दोरी होती, कुणाच्या तरी बैलाची तुटलेली. मागे फिरोज होता. मी मान वळवून पूर्ण आवाजात ओरडलो, "डावीकडं, दोरी."