जाते म्हणायचं नाही

आमच्या पाथरीच्या घरात एक शब्द बंद होता. शिव्यांना बंदी नव्हती. नळाला पाणी आलं नाही की आई नगरपालिकेच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि मीही तिला साथ द्यायची. पण 'मी जाते' म्हणायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय नवल, निघताना 'येतो' म्हणावं हे तर सगळ्याच घरात शिकवतात. शिकवतात, पण तिथं विषय संपतो. आमच्याकडं संपायचा नाही. गॅसची टाकी देऊन निघालेला माणूस चुकून 'जातो मावशी' म्हणाला, तर आई त्याला फाटकातून परत बोलवायची, उंबऱ्याच्या आत उभं करायची आणि 'येतो' म्हणवून घेऊनच सोडायची. तो बिचारा रिकामी टाकी खांद्यावर घेऊन 'येतो मावशी, येतो' करत पळायचा. मी अंघोळीला जात नसे, अंघोळ करून येत असे. कॉलेजला जात नसे, कॉलेज करून येत असे. झोपायला तर नुसती पडत असे.

याला कारण बाबा. ते वालूरच्या शाळेवर मास्तर होते. मी दुसरीत होते तेव्हा एका सकाळी ते शाळेला निघाले आणि सेलूच्या पुढं त्यांची जीप उलटली. मी त्या सकाळी झोपेत होते, म्हणून ते निघताना मी काही पाहिलं नाही की ऐकलं नाही. आईनं ऐकलं होतं. भेटायला आलेल्या प्रत्येक बाईला ती एकच सांगायची, "कधी न्हाई ते त्या दिवशी 'जातो गं' म्हणाले, आन् गेलेच." बायका 'अगंबाई' म्हणून तोंडाला पदर लावायच्या. मी कोपऱ्यात बसून ऐकायची. त्या दिवसापासून तो शब्द आमच्या घरातून हद्दपार झाला, आणि त्याच्याबरोबर जाण्याची प्रत्येक गोष्टसुद्धा. शाळेची सहल वेरूळला, मी घरी. मैत्रिणीचं लग्न नांदेडला, मी घरी. नागपूरचं एक स्थळ चांगलं चालून आलं होतं, तर आईनं नकाशा मागवला आणि बोटानं अंतर मोजून म्हणाली, "लय लांब हाय." परभणीचं स्थळ आलं, तेही लांबच निघालं.

मग मी सेलूच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचे पैसे, आणि दर जूनला पुन्हा नव्यानं अर्ज. सकाळच्या जीपनं सेलू, दुपारच्या जीपनं पाथरी. जीपला पाचदहा मिनिटं उशीर झाला की खिशातला फोन थरथरायचा, "कुठं हायस गं?" तिशी उलटली तरी माझं हेच. मला आईची दया यायची, हे खरं. पण रागही यायचा. सरळ, स्वच्छ राग. पोटच्या पोरीला कुणी असं खुंट्याला बांधतं का?

बरोबर शिकलेल्या एका मैत्रिणीनं वाट दाखवली. पुण्यात तिच्या ऑफिसात स्पेनच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचं काम होतं. स्पॅनिशची पहिली परीक्षा पास व्हायची, मग पुण्यात येऊन रुजू व्हायचं. शिकवणी फोनवर. इंग्रजी शिकवून बेजार झालेल्या मला वाटलं, अजून एक भाषा, त्यात काय मोठं. आईला मी एवढंच सांगितलं की या परीक्षेनं कॉलेजात वजन वाढतं. पुण्याचा 'पु'सुद्धा काढला नाही.

पहिले दिवस मजेत गेले. क्रियापदं शहाण्या मुलांसारखी रांगेत चालायची. बोलणे म्हणजे अब्लार. अब्लो, अब्लास, अब्ला. शेपूट बदलायची की झालं. मग एका संध्याकाळी शिकवणीच्या बाईंनी सांगितलं, आज आपण एक वेडंवाकडं क्रियापद घेऊ, पण ह्याच्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकता येणार नाही. जाणे. मूळ शब्द 'इर'. आणि रूपं? वॉय, वास, वा, वामोस, वाइस, वान. मी म्हटलं, बाई, ह्यात 'इर' आहे कुठं? त्या हसल्या. म्हणाल्या, तुमच्या 'जाणे'चं 'गेला' होतं, त्यात 'जा' कुठं आहे? मी वहीत सहाही रूपं उतरवून घेतली.

पाठ करायचं तर मोठ्यानं म्हणावं लागतं, निदान मला तरी. भांडी घासताना वॉय, वास, वा. कपडे वाळत घालताना वामोस, वाइस, वान. गाडी दर वेळी 'वॉय'पाशीच अडखळायची. बाकीची पाच रूपं घडाघडा यायची आणि 'मी जाते' म्हणायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची. मला तेव्हा वाटायचं, उच्चार अवघड आहे.

आई दोनतीन दिवस ऐकत होती. मग ज्वारी निवडता निवडता म्हणाली, "काय गं, सारखं काय म्हणायलीस ते? मतलब काय त्याचा?"

आता हिला खरं सांगितलं असतं तर त्याच दिवशी शिकवणी बंद. दिवसभर घरात बसून पोरगी जाते, जाते म्हणतेय! समोर सुपात ज्वारी होती. मी म्हटलं, "खाणे. मी खाते, तू खातेस, तो खातो."

"बया!" आई म्हणाली. "एवढं कशाला खायलेत तिथले लोक?"

झालं. त्या दिवसापासून तिची भीड चेपली. संध्याकाळी भाकरी टाकून झाल्या की स्वयंपाकघरातून हाक यायची, "वामोस! भाकर निवायली!" शेजारच्या काकू आल्या की त्यांनाही, "थांबा की, वामोस करू जरासं." काकू खूश. मला हसू आवरायचं नाही, आणि हसून झालं की जीव घुसमटायचा. माझी आई, आयुष्यभर त्या शब्दाला घाबरलेली बाई, दिवसातून दोनदा मला 'चला, जाऊ' म्हणत होती आणि पाट मांडत होती.

परीक्षेतला बोलण्याचा भाग फोनवरच होता, एका दुपारी. मी बाहेरच्या खोलीत टेबलावर फोन उभा केला. आई म्हणाली, कुणी मधेच यायला नको, आणि दाराला कडी लावून माझ्या मागं दिवाणावर येऊन बसली. अगं, आत बस म्हटलं तर म्हणाली, "मी काय बोलायलेय का? बघते नुसतं." काय करणार? पडद्यावर परीक्षक बाई आल्या. नाव, गाव, घरात कोण कोण, सगळं सुरळीत झालं. मग त्यांनी विचारलं, पास झालात तर कुठं जाणार?

उत्तर सोपं होतं. तीन शब्दांचं. बाई वाट बघत होत्या. माझ्या पाठीला आईची नजर जाणवत होती. मग एकदाचं म्हणाले, "वॉय आ पुणे."

बाई खूश झाल्या आणि पुढच्या प्रश्नाकडं वळल्या. मागं दिवाण करकरला. आई उठून आत गेली होती.

संध्याकाळी 'वामोस'ची हाक आली नाही. "जेवाया ये," एवढंच. ताटावर बसल्यावर तिनं खाली मान घालून विचारलं, "पुणं काय खायचं असतंय व्हय?"

मी भाकरीचा तुकडा मोडत राहिले.

"खाणं न्हाई ते."

"नाही."

"मग काय हाय?"

मला सांगवेना. परीक्षेत म्हटलं, पण तिच्यापुढं मराठीत म्हणवेना. शेवटी म्हणाले, "आपण निघताना येते म्हणतो ना. त्यातलाच शब्द आहे तो. पुण्यात काम आहे मला. तिथंच राहावं लागतं."

तिनं माझ्या ताटात वरण वाढलं आणि स्वतः न जेवता उठली.

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. निकाल आला, मी पास झाले, पुण्याहून रुजू होण्याची तारीख आली, आणि आईचं बीपी वाढलं. गुडघे धरले. चक्कर यायला लागली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, तर घरी येऊन म्हणाली, "त्याला काय कळतंय?" एके दिवशी माझा तोल गेला. मी ओरडले, "मी काय जन्मभर तुझ्या उंबऱ्यावर बसून राहू का?"

"बस की," ती म्हणाली. "कोण नको म्हणलंय?"

अशा बाईशी भांडणार तरी कसं? मी उशीत तोंड खुपसून रडले. मी नसताना रात्री आईच्या सोबतीला झोपायचं काकूंनी कबूल केलं. मी पिशव्या भरत होते आणि आई, एक शब्द न बोलता, त्यात लोणच्याची बरणी, मेतकूट, चटणी असं कोंबत होती. मी काढून ठेवायची, ती परत कोंबायची.

निघायच्या सकाळी रिक्षा दारात येऊन उभी राहिली. स्टँडवरून एसटीनं परभणी आणि तिथून रेल्वे धरायची होती. मी देवाला नमस्कार केला, आईच्या पाया पडले. तिनं तळहातावर दही ठेवलं. मी ते चाटलं, पिशवी उचलली आणि तोंड उघडणार तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं.

"येते म्हणू नकोस."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"तुझे बाबा येतोच म्हणले होते," ती म्हणाली. "रोजच्यासारखं. चप्पल घातली, 'येतो गं' म्हणले. जातो न्हाई म्हणले."

"मग तू सगळ्यांना..."

"काय सांगू मग लोकांना? नीट येतो म्हणून निघालेला माणूस असाच मरतो म्हणून सांगू? काहीतरी चुकलं पाहिजे ना कुणाचं. मी त्यांचं चुकवलं." तिचा आवाज फुटला नाही. भाव विचारावा तसं बोलत होती. "आन् येतो म्हणल्यामुळं मी बसले ना वाट बघत. तेरावं झालं, वर्षश्राद्ध झालं, तरी सांजच्याला जीप थांबली की मी उठायची. येतो म्हणलेला माणूस हाय, येईल की. अजून उठते."

रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. माझ्या डोक्यात आधी काय आलं असेल? राग. वेरूळची सहल, नांदेडचं लग्न, नागपूरचं स्थळ, बोटानं मोजलेला नकाशा. न बोललेल्या एका शब्दापायी एवढी वर्षं तिनं मला कोंडून ठेवलं होतं. आणि मग मला रोज संध्याकाळी खिडकीपाशी दिसणारी आई आठवली. जीपचा आवाज आला की पदर सारखा करत उठणारी. मला वाटायचं, माझी वाट बघून बघून तिला सवयच लागलीय. पण मी तर दुपारीच घरी आलेली असायची.

"तू येते म्हणलीस की मला पुन्हा तेच," ती म्हणाली. "दोघांची वाट माझ्यानं बघवायची न्हाई आता. तुझं ते म्हण. ते परीक्षेतलं. मी ऐकते."

"वॉय?"

"हां. तेच म्हण आन् नीघ."

ह्या एका क्रियापदावर मी परीक्षा पास झाले होते. सहाच्या सहा रूपं झोपेत विचारली तरी सांगितली असती. आई समोर उभी होती, हातात दह्याची वाटी, आणि वाट बघत होती. मी मान डोलावली. पिशवी खांद्याला लावली, चप्पल घातली, उंबरा ओलांडला, मागं वळले.

"येते गं," मी म्हणाले.

म्हणाले आणि कळलं. तिलाही कळलं. मी 'वॉय, वॉय' करत घाईघाईनं दुरुस्त करायला गेले, पण तिनं हात वर करून मला थांबवलं. मग वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि तिथंच, दारात, रस्त्याकडं तोंड करून खाली बसली.