वायफाय न पकडणारा कॅमेरा

नोकरीत पाहिलेल्या कितीतरी मोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झालेत. पण एका बंद कॅमेऱ्याची ती घटना जशीच्या तशी आठवते, कारण त्या तपासात चुकलो होतो मी.

निवृत्तीला वर्षभर उरलं होतं. शिरूर तालुक्यात उपनिरीक्षक होतो, घर दौंडला. सकाळची हजेरी उरकून स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात कवठे येमाईकडच्या एका वस्तीवरचा चाळिशीतला माणूस फिर्याद द्यायला आला. आजोबांच्या काळापर्यंत घर मेंढरांमागे रानोमाळ फिरलेलं. आता डाळिंबाची बाग, ह्याची कारखान्यात नोकरी आणि म्हाताऱ्या आईच्या जिवाला म्हणून सात-आठ शेळ्या. आदल्या दिवशी दुपारी सगळं घर लग्नाला गेलं आणि मागं गोठ्यातल्या चार शेळ्या चोरीला गेल्या.

"कॅमेरा हाय की साहेब दारावर. पण आठ दिस झालं, वायफायच पकडत न्हाई. मिस्त्रीला तीनदा बोलावला. येतोय, खुडबूड करतोय, आन् म्हणतोय रेंजचा प्रॉब्लेम हाय."

आमच्या खात्यात योगायोगावर कुणी विश्वास ठेवत नाही. त्यात तासाभरात ठाण्याचा फोन वाजला. नाव न सांगता कुणीतरी म्हणालं, "कॅमेरेवाल्याला इचारा. कुणाच्या घराला कवा कुलूप असतंय, त्येला समदं म्हाईत असतंय." आयती खबर मिळाली की पोलिसाची निम्मी अक्कल रजेवर जाते. माझी तशीच गेली.

मिस्त्रीला बोलावून घेतलं. पन्नाशीचा मुसलमान गृहस्थ, तीन पिढ्या त्याच गावात काढलेला. मोटारींचं वाइंडिंग, घरांचं वायरिंग आणि अलीकडे कॅमेरे बसवणं हा त्याचा धंदा. चोरीच्या वेळी पाबळला पंप दुरुस्त करत होतो, म्हणाला. फोन करून पाहिलं, खरं निघालं. पण स्वतः न जाताही टीप देता येतेच की.

"कॅमेरा दुरुस्त का होत नव्हता रे?"

त्यानं मान खाली घातली. "साहेब, त्ये सोडून काय बी इचारा."

मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो एवढंच म्हणाला, "मी चोर न्हाई. पण त्ये मी सांगणार न्हाई."

संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवला. तेवढ्यात त्याचा मोबाईल दोनदा वाजला. मी स्पीकरवर बोलायला लावलं. दोन्ही गिऱ्हाइकांचं एकच: "चाचा, उद्या येऊ नका. आन् पासवर्ड आम्ही बदललाय." कॅमेरेवाल्याच्या हाती लोक घरच देतात. नाव गेलं की त्याला कोण उंबरा ओलांडू देणार? त्याचा चेहरा उतरला, पण तोंड उघडलं नाही. मला मात्र तो मुरलेला वाटला.

कॅमेऱ्यातलं थोडंफार मला कळत होतं. दौंडच्या घरी मी एक हौसेनं बसवला होता. ठाण्यात बसून मोबाईलवर फाटक, अंगण, ओटा बघायचो. बायकोला कौतुकानं दाखवलं, तर ती नुसतं "बरं" म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला पुन्हा बाकावर बसवून मी वस्तीवर गेलो. कॅमेऱ्याला वीज होती, दिवा लुकलुकत होता. राउटर दहा फुटांवर, मोबाईलला रेंज भरपूर. पासवर्ड दोनदा तपासून टाकला. कॅमेरा रीसेट करून पहिल्यापासून जोडून पाहिला. छे! मग राउटरची सेटिंग उघडली. त्या राउटरला वायफायच्या दोन पट्ट्या, म्हणजे बँड होते आणि असले साधे कॅमेरे त्यातली एकच ओळखतात. नेमकी तीच बंद केलेली होती. ही काही आपोआप होणारी गोष्ट नव्हे.

"सापडला," मी फिर्यादीला म्हणालो. "मिस्त्रीनं मुद्दाम बंद केलंय. आता बघतो कसा बोलत नाही ते."

शेंगा फोडत बसलेली त्याची आई उठून उभी राहिली. "साहेब, त्येच्या अंगाला हात लावू नगा. म्याच सांगितलं हुतं त्येला."

"आये, तू?" मुलगा ओरडला.

"मग काय करू? दोनदा म्या काठीनं कॅमेऱ्याचं त्वांड फिरवलं, दोनदा तू शिडी लावून परत वळवलंस. साहेब, शिडीवर चढा आन् बघा त्येला काय दिसतंय."

मी चढलो. समोर फाटक, डाव्या हाताला गोठा आणि दोन्हींच्या मधे न्हाणी. चारी बाजूंनी पत्रा, वरून उघडी. जमिनीवर उभ्या माणसाला आतलं काही दिसत नाही, म्हणून वस्तीवर न्हाणीला छप्पर घालायचं कुणाच्या मनात येत नाही. कॅमेरा मात्र वर वळचणीला होता, त्याला आतलं सगळं दिसत होतं. चोरावर सगळ्यांचं लक्ष राहावं म्हणून फिर्यादीनं तो स्वतःच्या, भावाच्या आणि मेहुण्याच्या मोबाईलवर जोडून दिला होता. मी खाली उतरलो, पण कुणाच्या तोंडाकडे बघवेना.

"सून म्हैनाभर अंधारात उठून आंघूळ करत हुती," म्हातारी म्हणाली. "ह्येला सांगितलं तर हसला. म्हणला, कोण बघतंय तिकडं? मग म्या मिस्त्रीला म्हणलं, बाबा, आंधळा कर त्या कॅमेऱ्याला, आन् सुनेचं नाव कुठं काढू नगंस. त्येनं शबूद दिला."

सून दारात उभी होती. नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्यापायी त्यो माणूस दोन दिस ठाण्यात बसलाय. मला कळलं आसतं तर मीच आले आसते सांगायला."

फिर्यादीनं शिडी सरकवली आणि कॅमेरा खाली काढला.

ठाण्यात परतलो. "का नाही सांगितलंत?" मी विचारलं. काल 'अरे-तुरे' केलेल्या माणसाला आज 'तुम्ही' म्हणताना जीभ जड झाली.

"साहेब, सांगितलं आसतं तर तुम्ही लिवून घेतलं आसतं. मग त्यो कागद धा जणांनी वाचला आसता. घरातल्या बाईची गोष्ट हाय ती."

मी माफी मागितली. जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून त्यांना गावात नेलं आणि चौकात सगळ्यांसमोर त्यांच्यासोबत चहा घेतला. जबाबात कॅमेरा 'सेटिंगमुळे बंद' एवढंच लिहिलं, आणि ते खरंच होतं. पुढं शेळ्या आठवडे बाजारात मिळाल्या. कानाच्या खुणेवरून म्हातारीनंच ओळखल्या. चोर तालुक्याबाहेरचे निघाले. वऱ्हाडाचा टेम्पो जाताना त्यांनी पाहिला होता, बस्स.

गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, हे मी नोकरीभर धरून चाललो. तो कुणाला तरी झाकत असेल, हे मात्र त्या मिस्त्रीनं शिकवलं.

घरी आल्यावर मी आमच्या कॅमेऱ्याचं जुनं चित्रण चाळलं. लग्न झाल्यापासून बायको दुपारी ओट्यावर बसून भाजी निवडायची. चित्रणात ती ओट्यावर एकदाही बसलेली दिसली नाही. रोज बघत होतो, आणि म्हणे तपासी अधिकारी!

रविवारी कॅमेऱ्याची जागा बदलायला मिस्त्रींना दौंडला बोलावलं. शिडी लावून ते म्हणाले, "कुठं बसवू?" मी भिंतीकडे हात केला. ते काही चढेनात.

"साहेब, आधी भाभींना इचारा की."

बायको हात पुसत बाहेर आली. या वेळी ती नुसतं "बरं" म्हणाली नाही. "फाटक दिसू दे. ओटा नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यातून मोबाईल उघडला. नुसतं फाटक दिसत होतं. मी घरी फोन लावला, काय करतेस म्हणून विचारलं.

"ओट्यावर बसलेय," ती म्हणाली. "मेथी निवडतेय."