परबांच्या जिन्यासमोरचं मॅनहोल

दुसरा खड्डाही फुकट गेला. लालबागच्या त्या अरुंद गल्लीत मी हातात ड्रॉइंग घेऊन उभी होते आणि खाली नुसते विटांचे तुकडे. परवानगी एकूण तीन खड्ड्यांची होती. अर्धी चाळ गॅलरीत उभी राहून माझी फजिती बघत होती.

थोडं समजावून सांगते. गल्लीखालची सांडपाण्याची लाइन जुनी, जागोजागी फुटलेली. अशी लाइन हल्ली आतूनच दुरुस्त करता येते. एका मॅनहोलमधून पाइपात नवं अस्तर सोडायचं आणि पुढच्या मॅनहोलपर्यंत ओढत न्यायचं, रस्ता फोडायची गरज नाही. त्याआधी छोटे खड्डे घेऊन खाली काय कुठे आहे ते नक्की करायचं, त्याला ट्रायल पिट म्हणतात. ते माझं काम.

ड्रॉइंगमध्ये गल्लीच्या मध्यावर एक मॅनहोल होतं, रस्त्यावर मात्र त्याचा पत्ता नव्हता. डांबराचा नवा थर टाकताना झाकण वर उचलून घ्यायचं असतं. कधीकाळी कुणीतरी तेवढा कंटाळा केला होता. दोन्ही टोकांकडून कॅमेरा आत सोडला, तो गाळात रुतला. लोखंड शोधणारं मशीन आणलं, तर पाण्याचे पाइप आणि केबल यांच्यामुळे ते पावलापावलाला वाजायला लागलं.

गाळ काढायला आणि अस्तर ओढायला मधलं हे मॅनहोल हवंच होतं. ते सापडलं नाही तर सगळी गल्ली खोदावी लागणार होती. तळमजल्यावरच्या वसंत परबांना ते परवडणारं नव्हतं. जुने गिरणी कामगार, आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्यांची बायको, परबकाकू, त्यांना व्हीलचेअरवरून नाक्यापर्यंत नेत आणि तिथून टॅक्सी करत.

"मॅडम, दारात चर असला तर ह्यांना मी कुठून काढू?" काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी "बघते" म्हणाले होते. आमच्या नोकरीत 'बघते' म्हणजे काय, ते काकूंनाही ठाऊक असणार. मला आजही त्याची लाज वाटते.

परब दारात खुर्चीवर बसून सगळं बघत असत. पहिल्या खड्ड्याच्या वेळीच ते काहीतरी सांगू पाहत होते. मी लक्ष दिलं नाही. वीस वर्षांची नोकरी आणि हातात सही-शिक्क्याचं ड्रॉइंग, मग खुर्चीतल्या म्हाताऱ्याला कोण विचारतो? दुसरा खड्डा फसल्यावर त्यांनीच हाक मारली.

"बाय, थंय तुका काय गावाचा नाय."

तिथे काही सापडायचं नाही, एवढं मला कळलं. का, ते काकूंनी खुर्ची जवळ आणल्यावर कळलं. मंडळाच्या गणपतीचा मंडप पूर्वी रस्त्यात खड्डे खणून उभा करत आणि खणायचं काम परबांकडे असे. डावीकडून सातवा खांब दरवर्षी हातभर सरकवावा लागायचा. पहार चार बोटं आत गेली की खाली लोखंडावर आपटायची. जागा कुठली, तर त्यांच्या जिन्यासमोर नीट तीन पावलांवर. ड्रॉइंगमधल्या जागेपासून हे चांगलं आठ मीटर लांब होतं.

आमच्या ऑफिसात माझे वरिष्ठ असलेल्या देसाई साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "पाटणकर, पेशंटच्या आठवणीवर शेवटचा खड्डा घेणार? फसलं तर रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"माझं नाव लिहा, साहेब."

म्हणाले खरी, पण दीड फुटावर मुकादम थांबला. तो म्हणाला, इथे पण काय नाय.

"किती गेलात?" परबांनी विचारलं.

"दीड फूट."

"आमच्या जिन्याला चार पायऱ्या होत्या. आता एकच दिसते. तीन रस्त्याखाली गेल्या. अजून खणा."

पायरी सात इंचांची. तीन पायऱ्या म्हणजे एकवीस इंच आणि पूर्वीची ती चार बोटं वेगळी. इतकं सोपं गणित इंजिनिअर असून मला सुचलं नव्हतं. दोन फुटांवर पहार वाजली तेव्हा परब नुसते हसले. काकूंनी मात्र पदर डोळ्यांना लावला.

गाळ निघाला, अस्तर बसलं, गल्ली शाबूत राहिली. त्या एका खड्ड्यावर लोखंडी प्लेट टाकली आणि परबांची डायलिसिसची एकही खेप चुकली नाही. मी मोठमोठ्या लाइनींवर काम केलंय, पण सगळ्यात जास्त अभिमान मला या गल्लीचा वाटतो.

नवं ड्रॉइंग मीच केलं. 'माहितीचा स्रोत' या रकान्यात लिहिलं : श्री. वसंत परब, मंडप खोदाई. साहेब म्हणाले, ऑफिशियल ड्रॉइंगवर असली नावं नसतात. मी म्हटलं, "साहेब, जुन्या ड्रॉइंगवर तीन इंजिनिअरांच्या सह्या आहेत." त्यांनी सही केली.

आता कुठल्याही गल्लीत गेले की ड्रॉइंग उघडायच्या आधी मी एकच चौकशी करते : इथे मंडपाचे खड्डे कोण खणायचं?