पट्टीखालचा फुटवा

बायको गेल्यावर तिचा लाल गुलाब वाळायला लागला. म्हणून त्याच्या फांदीवरचा एक डोळा काढून मी रानगुलाबाच्या खुंटावर भरला आणि वरून प्लास्टिकची पट्टी बांधली. आयुष्यात पहिल्यांदाच. वणीत पानापानावर कोळशाची धूळ बसते, ती रोज ओल्या फडक्याने पुसायचो. फुटवा दिसला तसा पुसदच्या मुलीला फोन लावला, "तुह्या मायचा गुलाब जगला वं!" ती रडली.

मग चष्मा लावून पाहिलं. फुटवा पट्टीच्या खालून आला होता, रानगुलाबाचाच. भरलेला डोळा काळा पडला होता. असला फुटवा छाटायचा असतो, एवढं मलाही कळतं. कात्री घेतली, स्वतःवरच चरफडलो आणि ठेवून दिली.

महिन्यातून एकदा फोन करणारी मुलगी आता रोज करते. गुलाब कसा आहे, एवढंच विचारते.