आश्या मावशीचा उजवा पाय

हेमेई गावातल्या छत्रीवाल्या गल्लीत आश्या मावशीचं घर शोधायला पत्ता लागत नाही. कान दिला की पुरे. बाकीच्या घरांतली शिलाईची मशीनं दचकून उठल्यासारखी खर्रकन सुरू होतात. मावशीचं मशीन मांजरीसारखं सुरू होतं. आधी एक टाका, मग दुसरा, मग ऐकणाऱ्याला कळायच्या आत धावतच सुटतं, आणि थांबतं तेही तसंच, पाय न आपटता.

चाळीस वर्षं ती बैठकीच्या खोलीत, देव्हारा आणि टीव्ही यांच्यामध्ये बसून छत्रीच्या कापडाच्या आठ तिकोनी कळ्या एकमेकींना जोडत आली. छत्रीच्या कळीची कड सरळ नसते. टोकाशी अरुंद, मग हळूहळू पोट काढत जाणारी. त्या वळणावर एक टाका इकडचा तिकडे झाला की छत्री उघडल्यावर तोंड वाकडं करते. मावशीच्या छत्रीने कधी तोंड वाकडं केलं नव्हतं. घरात तोंड वाकडं करणारा एकच होता, तिचा एकतीस वर्षांचा मुलगा युनजे. तेही मोटरसायकलचा विषय निघाला तरच.

ती मोटरसायकल निळी होती, जपानी, पुढे झुकून चालवायची. युनजे नळाच्या कारखान्यात यंत्रावर होता आणि पगारातून उरलेलं सगळं त्या गाडीच्या अंगावर घालत होता. आधी सायलेन्सर बदलला. मग आरसे, मग पाय ठेवायचे दांडे. शेवटी त्याने जपानहून शर्यतीच्या गाडीची अ‍ॅक्सिलरेटरची मूठ मागवली. थोडीशी पिळली की भरपूर रेस देणारी.

"मनगटाला श्रम कमी," तो म्हणाला.

"आणि आईच्या काळजाला?" मावशी म्हणाली.

गाडी पहिल्यापासूनच जरा हिसके द्यायची. नव्या मुठीने तिला तोंडच फुटलं. मिटलेली मूठ केसभर उघडली की गाडी आधी क्षणभर विचार करायची, आणि मग कुणीतरी मागून लाथ घातल्यासारखी उडायची. युनजेने घाबरून मूठ सोडली की तितक्याच जोरात अडखळायची. सरळ रस्त्यावर हे चाललं असतं. पण युनजे दर रविवारी जायचा बाग्वा डोंगरावर, आणि त्या डोंगरावरचा रस्ता सरळ असा कुठे नाहीच.

रविवारी तो परत येईपर्यंत मावशी दारातून हलत नसे. गल्लीच्या तोंडाशी आवाज आला की लगबगीने आत जाऊन मशीनवर बसायची आणि तो आल्यावर मान वर न करता म्हणायची, "आलास होय? मला वाटलं अजून जायचायस."

शेवटी ती मात्सु देवीच्या देवळात गेली आणि गाडी विकावी का म्हणून कौल लावला. लाकडाच्या दोन चंद्रकोरी फरशीवर टाकल्या. एक उताणी, एक पालथी पडली की होकार. दोन्ही उताण्या पडल्या. म्हणजे देवी हसते आहे. मावशीने पुन्हा टाकल्या. देवी पुन्हा हसली. तिसऱ्यांदा हसली तेव्हा मागे रांगेत उभी असलेली बाई म्हणाली, "अहो ताई, काय विचारलंत एवढं? आम्हालाही सांगा."

घरी येऊन तिने हे सांगितलं तर नवराही हसला. चिनफू दिवसभर चहाची इवलीशी भांडी मांडून बसे आणि कुणाचीच बाजू घेत नसे.

"आई, देवीला कशाला त्रास देतेस?" युनजे म्हणाला. "तूच ये की माझ्या मागे बसून. पुढच्या रविवारी डोंगरावर जाऊन येऊ. गाडीच्या हिसक्याने माझ्या हेल्मेटवर तुझं हेल्मेट एकदा, फक्त एकदा जरी आपटलं ना, तर सोमवारी गाडी विकतो."

"आणि नाही आपटलं तर?"

"तर पुन्हा विकायचं नाव काढायचं नाही."

मावशीने चिनफूकडे पाहिलं. "अहो, ऐकलंत? साक्षीदार आहात तुम्ही."

"मी चहा पितोय," चिनफू म्हणाला.

मावशीला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ती गाडी आणि न आपटता जाईल? देवी का हसली ते आता तिला कळलं.

गाडी आखुनच्या दुकानात गेली. आखुन हा गावातला जुना मेकॅनिक, पंचेचाळिशीचा, दात सुपारीने लाल. सोमवारी त्याने केबलची ढील काढली. मंगळवारी इंजिनात हवा घेणारी तोंडं सारखी उघडतात का ते काट्याची चार मापकं लावून जुळवलं. बुधवारी ओळखीच्या कुणाकडून गाडीच्या कॉम्प्युटरचा हिशेब बदलून आणला. दर वेळी गाडी थोडी सुधारली. पण तो पहिला केसभर हिसका काही जाईना.

बुधवारी मावशी डबा द्यायच्या निमित्ताने दुकानात गेली. डुकराच्या मटणाचा रस्सा आणि भात, आखुन आणि युनजे दोघांना पुरेल इतका. खरं म्हणजे टेहळणी करायला गेली होती. मुठीचं झाकण उघडं होतं. आत केबल गुंडाळून घेणारं एक चाक होतं, आणि शेजारी बाकड्यावर जुन्या मुठीतलं चाक पडलं होतं. नवं चाक जुन्यापेक्षा नखभर मोठं होतं.

मावशीने ते पाहिलं आणि तिचा उजवा पाय चपलेतल्या चपलेत हलला.

सतरा वर्षांची असताना ती छत्रीच्या कारखान्यात लागली होती. पहिल्याच आठवड्यात पाय टेकवायचा अवकाश, मशीन असं उडालं की सुई बोटातून आरपार गेली. देखरेखीवरच्या म्हातारीने बोट बांधलं, मग मशीनखाली वाकून मोटरची पुली काढली आणि तिच्या जागी लहान पुली बसवली. "पोरी, पाय मूर्ख नाही तुझा. चाक मोठं आहे," ती म्हणाली. "आणि टाच टेकवायला शीक. अधांतरी पाय थरथरतो. आधी ढील खायची, म्हणजे सैलपणा संपेस्तोवर हलकंच, मग दाबायचं."

म्हणजे हे एवढंच होतं. ज्या गाडीला लहान चाक हवं तिला पोराने मोठं घातलं होतं, आणि वर सगळा हात अधांतरी ठेवून चालवत होता.

मावशीने डब्याचं झाकण लावलं. "भात गरम आहे, लगेच खा," एवढंच म्हणाली आणि स्कूटरवर बसून घरी आली. का बोलायचं? चार दिवस तोंड मिटून बसलं की गाडी जाणार होती. आईने पोराचा जीव वाचवायचा की पोराच्या गाडीची दुरुस्ती करायची?

त्या संध्याकाळी तिने शिवलेली छत्री चिनफूने सहज उघडून पाहिली. बराच वेळ फिरवून फिरवून पाहिली.

"तोंड वाकडं केलंय हिने."

"कुणी?"

"छत्रीने."

मावशीने छत्री त्याच्या हातातून हिसकावून घेतली आणि सगळी शिवण उसवली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

शुक्रवारी युनजे आला तो शर्टाची बाही फाटलेली आणि कोपर सोललेलं घेऊन. आखुनच्या दुकानासमोर गाडी वळवून बघत होता. हिसका बसला आणि सुपारीवालीच्या टपरीपुढे गाडी आडवी झाली. "उभ्या उभ्या पडलो गं, चालतसुद्धा नव्हतो धड," तो हसत म्हणाला. "टपरीवालीने बर्फ दिला."

मावशीने औषध लावलं. चिनफूने तिच्यापुढे न मागता चहा ठेवला. गाडी रविवारनंतर जाणार होती, पण रविवार अजून यायचा होता. डोंगर वाटेत होता. आणि त्या डोंगरावर मागे बसणारी ती स्वतः होती, हे एक वेळ सोडा. पुढे बसणारा तो होता.

चहा तसाच ठेवून ती निघाली.

आखुन दुकानात हात पुसत बसला होता. "मावशी, झालं माझं सगळं करून. आता काही उरलं नाही. ही इंजिनंच अशी असतात, तापट. हिसके देणारच. चालवणाऱ्याने सवय करून घ्यायची."

"मशीन असंच असतं, असं कधी नसतं, आखुन."

आखुन हसला. "अहो मावशी, हे काय तुमचं शिलाईचं मशीन आहे? पाय दाबला की चाललं, उचलला की थांबलं! त्यात काय अक्कल लागते?"

दुकानात पंक्चर काढून घ्यायला आलेले दोघे होते, तेही हसले. तिथेच आखुनचं चुकलं.

मावशीने पर्स बाकड्यावर आपटली. "इकडे ये. मुठीचं झाकण काढ. हे चाक बघ. हे जुनं, हे नवं. नव्याचं पोट मोठं. पोट मोठं म्हणजे एवढ्याशा वळणात केबल जास्त ओढली जाते. तुम्ही दोघं आठवडाभर इंजिनाच्या नाड्या बघताय, आणि दुखणं मुठीत! लहान चाक घाल."

आखुनने नवं चाक मुठीतून काढून जुन्याशेजारी धरलं. मागून पोचलेला युनजे म्हणाला, "पण आई, मग पुरती रेस द्यायला मूठ दोनदा पिळावी लागेल. चढावर काय करू?"

"पुरती रेस द्यायचीच कशाला तुला?" ती आधी आई म्हणून बोलली. मग शिवणारी बाई म्हणून थांबली. खरंच होतं त्याचं. तिने आखुनकडून पुठ्ठा मागितला, खडूने एक रेघ काढली. टोकाशी अरुंद, मग हळूहळू पोट काढत जाणारी. छत्रीची कळी.

"चाक गोलच पाहिजे असं कुठे लिहिलंय? सुरुवातीला हे असं लहान. पुढे पुढे मोठं होत जाऊ दे. आधी हळू, मग हवं तेवढं."

आखुनचं सुपारी चघळणं थांबलं. "मावशी," तो म्हणाला, "माफ करा. तुमच्या पायाला नमस्कार."

"डाव्या नको. उजव्या."

शनिवारी युनजेने आपल्या कारखान्यात, जिथे एरवी नळांची डोकी तासली जातात, तिथे मालकाची परवानगी काढून अ‍ॅल्युमिनियमचं ते कळीच्या आकाराचं चाक कापून घेतलं. आखुनने ते बसवलं. मावशी शेजारी उभी राहून दर पाच मिनिटांनी विचारत होती, "सोडल्यावर आपोआप मिटते ना? पुन्हा दाखव. हँडल डावीकडे वळव, आता दाखव. उजवीकडे वळव." आखुनने चौदा वेळा दाखवलं. मग तिने युनजेचा हात धरून मुठीवर ठेवला. "मनगट अधांतरी नको. एक बोट इथे ब्रेकच्या बुडाशी टेकव. आधी ढील खा. हां. आता दे."

गाडी मांजरीसारखी सरकली.

आखुनने मावशीकडे पाहिलं. "मावशी, पण पैज? तुम्ही तर हरणार की उद्या."

"तू आपला पाना आवर," मावशी म्हणाली. पण घरी येताना स्कूटरवर तिचा चेहरा आंबट झाला होता. हरण्याची सगळी व्यवस्था तिने स्वतःच्या हातांनी केली होती.

रविवारी चिनफू दारापर्यंत आला. मावशीने खिशात देवळातल्या अंगाऱ्याची पुडी ठेवली, जाड जॅकेट घातलं, हेल्मेटचा पट्टा तीनदा ओढून पाहिला आणि मुलाच्या मागे बसली. बसता बसता म्हणाली, "सावकाश हं."

चांगह्वा शहराच्या सिग्नलांवर थांबत, निघत गेले. एकदाही टक झालं नाही. डोंगराचा चढ लागला. वळण आलं, गाडी कलली, मावशीने डोळे मिटले. वळण गेलं. टक नाही. चौथ्या वळणाला तिने डोळे उघडले. सातव्या वळणाला तिच्या लक्षात आलं की तिचा उजवा पाय दांड्यावर दाबला जातोय, सुटतोय, पुन्हा दाबला जातोय, आणि बरोबर त्याच क्षणी युनजेची मूठ उघडतेय, मिटतेय. डोंगराची कड टोकाशी अरुंद होती आणि हळूहळू पोट काढत जात होती. एकही टाका चुकला नाही.

वर पोचल्यावर दोघांनी थंडगार पपईचं दूध घेतलं. युनजेने आईकडे बघून भुवया उडवल्या.

"अजून परत जायचंय," मावशी म्हणाली.

परतीच्या वाटेवरही गाडी शहाण्यासारखी वागली. डोंगर उतरला, शहर मागे पडलं, हेमेईकडचा भातशेतांमधला सरळ रस्ता लागला. गल्ली दोन मिनिटांवर. मावशीच्या मनात आलं, मान जरा पुढे टाकली तरी पुरे. एकदाच टक. कुणाला कळणार? सोमवारी गाडी जाईल आणि रविवारी दारात उभं राहणं संपेल. मग तिने सकाळपासूनची वळणं आठवली. इतकं सुरेख काम खोटं ठरवायचं? मान तिने मागेच ठेवली.

तेवढ्यात युनजेने जिंकल्याच्या आनंदात मूठ पिळली. काटा चढला, भाताची एकच हिरवी रेघ झाली, आणि मावशीने मान मागे घेऊन मुलाच्या हेल्मेटवर आपलं हेल्मेट दाणकन आपटलं.

गाडी हळू झाली. अगदी हळू. मागून एक भाजीवाला स्कूटरवरून पुढे निघून गेला.

दारात उतरल्यावर युनजे हेल्मेट काढून डोकं चोळत म्हणाला, "आई, हे धरायचं नाही हं! हे तू मुद्दाम केलंस."

"धर म्हणतंय कोण? ही टक्कर गाडीची नव्हती. माझी होती."

चिनफू चहाचा कप घेऊन पुढे आला. "काय झालं मग? कोण हरलं?"

"मी," मावशी म्हणाली आणि हेल्मेटचा पट्टा सोडवायला लागली. चिनफूने कप खाली ठेवून तो सोडवून दिला.

गाडी राहिली. मावशी अजूनही रविवारी दारात उभी असते. आखुनकडे मात्र आता कळीच्या चाकाला गिऱ्हाईकं येतात, पार लूकांग गावाहून पोरं येतात. चाक मावशीच्या पुठ्ठ्यावरूनच कापलं जातं, म्हणून अट मावशीची. पोरगा दुकानात आला की आखुन आधी त्याच्या मागे बघतो आणि म्हणतो, "एकटाच? जा, आईला घेऊन ये. मागे बसवून गल्लीला एक फेरी मारायची. तिने होय म्हटलं तरच मुठीचं झाकण बंद करीन."

परवा एक जण आजीला घेऊन आला. आजी फेरी मारून उतरली आणि म्हणाली, "ठीक आहे. पण जरा अजून वेगात चालत नाही का ही?"

मावशीने तिला घरी नेऊन चहा पाजला आणि तासभर समजावलं. काही उपयोग झाला नाही.