खिडकीची खोली

इटलीबाहेर इटालियन भाषा सर्वांत खणखणीत आवाजात कुठे बोलली गेली असेल, तर ती नाशकात, पंचवटीतल्या आमच्या शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात. काकूंची मुलगी नव्वदच्या सुमारास शिकायला इटलीला गेली, तिथल्याच मुलाशी लग्न करून राहिली. नात झाली आणि बोलायला लागली तीही इटालियनमध्येच. रविवारी फोन यायचा, मुलगी रिसीव्हर नातीच्या कानाला लावायची आणि मग दोन्हीकडून नुसते श्वास. अशाच एका रविवारी काकूंनी फोन ठेवला, पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "तिला माझी भाषा येत नाही ना, मग मी तिची शिकते. त्यात काय एवढं!"

मुलीने एक कॅसेट पाठवली. ती होती प्रवाशांसाठी, हॉटेलात उतरणाऱ्यांच्या उपयोगाची. काकूंना शिकायची एकच रीत ठाऊक होती, लहानपणी म्हटलेला परवचा. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून, मांडी घालून आधी शुभंकरोती, आणि लगेच पाढ्यांच्या चालीत, डोलत डोलत, इटालियन: नमस्कार, खोली आहे का? एका माणसासाठी. खिडकीची हवी. न्याहारी केव्हा मिळेल? गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, भाजीबाजारात त्या "क्वांतो कोस्ता?" म्हणून भाव विचारायच्या. मेथीवालीही तयारीची. म्हणायची, "कोन्त्या बी भाषेत इचारा काकू, कमी नाय व्हायचं!" काळ्या रामाच्या देवळात गोरा माणूस दिसला की काकू त्याला गाठायच्या. तो बहुधा जर्मन निघायचा, तरी त्याच्याकडे खिडकीची खोली मागूनच त्या घरी यायच्या.

घोळ एकच झाला होता. पाढ्यासारखं पाठ केल्यामुळे मधलं वाक्य सुटं निघेना. 'पाणी' म्हणायचं तरी नमस्कारापासून खोली, खिडकी, न्याहारी असं सगळं हिंडून यावं लागे. मी चिडवायचो, "काकू, नात तहानेने व्याकूळ होईल हो!" त्या शांतपणे म्हणायच्या, "होऊ दे. आजीच्या घरी कसली आलीय घाई?"

नात आली तेव्हा सातेक वर्षांची होती. दारात आईच्या मागे लपून उभी. काकू भाकरीचा तुकडा घेऊन ओवाळायला पुढे झाल्या. ये गं बाई, किती वाट पाहायला लावलीस, असं त्यांना म्हणायचं होतं; त्यांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. पण ते कॅसेटमध्ये नव्हतं. काकूंच्या तोंडून परवच्याच्या चालीत निघालं, "नमस्कार, खोली आहे का?"

पोरीने आईच्या मागून डोकं काढलं. आजीला नीट न्याहाळलं आणि अगदी गंभीरपणे काहीतरी उत्तर दिलं. काकूंची मुलगी हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "आई, ती म्हणतेय, आहे, पण एकच उरलीय."

मग सुट्टीभर हॉटेलच चाललं. पलंगाखाली हॉटेल, गच्चीवर हॉटेल, काकूंच्या मांडीवर हॉटेल. संध्याकाळी दिव्यासमोर दोघी मिळून डोलायच्या, एकीने खोली मागायची, दुसरीने द्यायची. काकूंना इतक्या सुखात मी कधीच पाहिलं नव्हतं.

निघायच्या दिवशी गाडी दारात आली. काकूंनी नातीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्या कॅसेटमध्ये निघणाऱ्याची सगळी वाक्यं होती, मागे राहणाऱ्याचं एकही नव्हतं. "जाऊ नकोस," काकू शेवटी मराठीतच म्हणाल्या. पोरीने मान हलवली. तिला काय कळलं कोण जाणे.

आता ती कॉलेजात जाते म्हणे. रविवारचे फोन विरळ झाले आहेत. काकूंचा परवचा मात्र चुकत नाही, आणि संध्याकाळी तो कानावर आला की मलाही त्या पोरीची फार आठवण येते. काकू चालीत विचारतात, खोली आहे का? मग समोरून कोणी बोलेल तेवढा वेळ थांबतात. आणि नातीने शिकवलेलं उत्तर स्वतःच देतात: आहे, एकच उरलीय.